हँडल ओढतंय

प्रसन्न : नहीं मॅडमजी, मूठ नहीं घुमानी. ये स्कूटर नहीं है, चार पहियों की एटीव्ही है. सिर्फ अंगूठा. ये छोटी पट्टी देखिए.

मंजुषा : मराठीत सांगितलंस तरी चालेल. बिल्ल्यावर नाव वाचलं मी. साळुंखे म्हणजे कुठले?

प्रसन्न : अरे, मॅडम मराठी आहेत. आम्ही विट्याकडचे. मतलब वडील. मी तर इथलाच, झोटवाड्यात जन्म. वडिलांचं गलाईचं दुकान आहे तिथे, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. माझी मराठी अशीच आहे हां, हसू नका.

मंजुषा : हसत नाही. मी मिरजेची. जयपुरात बावीस वर्षं झाली.

प्रसन्न : मग तर गाववाल्याच झाल्या तुम्ही. हां, तर उजव्या अंगठ्याने ही पट्टी दाबली की गाडी पुढे. अंगठा काढला की हळू होणार. हे ब्रेक, सायकलसारखे. बस, एवढंच आहे. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, पाय खाली टेकवायचा नाही. गाडी कलंडते असं वाटलं तरी नाही. पाय चाकाखाली जातो.

मंजुषा : आणि उतारावर?

प्रसन्न : आज उतार नाही. आज सपाट रस्ता. समोर ती खेजडीची झाडं दिसतात ना, तिथपर्यंत जायचं आणि सरसोंच्या शेताच्या कडेने वापस.

मंजुषा : गेटवरच्या फलकावर टेकडी लिहिली आहे.

प्रसन्न : फलक जुना आहे. आणि टेकडी ज्याला येते त्याला. तुम्ही आधी काय चालवलंय?

मंजुषा : सायकल. कॉलेजात असताना. नंतर काही नाही. कार यजमान चालवायचे, ते गेल्यावर ड्रायव्हर ठेवला.

प्रसन्न : मग वाईट नका मानू, पण एक विचारू? इकडे लोक ग्रुपने येतात, बर्थडे असतो, ऑफिसची पिकनिक असते. तुम्ही मंगळवारी सकाळी एकट्या, शहरातून एवढ्या लांब, चौमूंपर्यंत.

मंजुषा : महिनाअखेर मी जयपूर सोडतेय. त्याआधी एकदा हे करायचं होतं.

प्रसन्न : मग ठीक. या रिंगणात दोन चकरा मारा. हां, अंगठा हळू. खांदे सोडा, मॅडम. हँडल असं आवळून धरलं की हात भरून येतात. गाडीला जाऊ द्या जरा तिच्या मनाने.

मंजुषा : तिच्या मनाने गेली तर?

प्रसन्न : नाही जाणार. मी सकाळी सगळ्या गाड्या स्वतः बघतो. एकेक नट हाताने. मेकॅनिकने बघितल्यावर परत मी बघतो. मालक हसतात मला.

मंजुषा : पहिल्यापासून बघतोस?

प्रसन्न : नाही. पहिल्यापासून नाही. चला, माझ्या मागे या. दोन गाड्यांचं अंतर ठेवा.

मंजुषा : का थांबलास?

प्रसन्न : गिनती. दर थोड्या वेळाने मागे वळून गाड्या मोजायच्या, असा नियम आहे. कुणी मागे राहिलं तर कळतं.

मंजुषा : मी एकटीच तर आहे.

प्रसन्न : हो. एकच आहे.

मंजुषा : पण तू चार वेळा वळून बघितलंस. आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागे.

प्रसन्न : आदत पडलीय, मॅडम. पाणी घ्या. धूळ बसते घशात. हे हेल्मेट असं वर करा. त्रास नाही ना काही?

मंजुषा : अंगठा दुखतोय. बाकी नाही.

प्रसन्न : सगळ्यांचा दुखतो पहिल्या दिवशी. छान चालवताय. खोटं नाही बोलत. काही लोक घाबरून एकदम पूर्ण दाबतात, तुम्ही बिलकुल तसं नाही करत.

मंजुषा : घाबरून पूर्ण दाबतात. असं होतं नेहमी?

प्रसन्न : होतं कधी-कधी. चला, निघू. पुढे वाळू जरा जास्त आहे, गाडी डुलेल. डुलू द्या.

मंजुषा : प्रसन्न. थांब. अरे, थांब जरा.

प्रसन्न : काय झालं?

मंजुषा : हँडल उजवीकडे ओढतंय.

प्रसन्न : अंगठा काढा. दोन्ही ब्रेक धरा. चावी बंद करा. आता उतरा. मॅडम, आधी उतरा तुम्ही, मग बोलू. इकडे या, गाडीपासून लांब उभ्या राहा.

मंजुषा : काय बघतोयस?

प्रसन्न : थांबा जरा, चाक बघू द्या. पुढचा रॉड टाइट आहे. हा पण टाइट आहे. नट बरोबर आहेत. हवा बरोबर. काही नाही हो यात. सकाळीच बघितली होती मी. काहीच नाही.

मंजुषा : मग नव्या माणसाला असंच वाटत असेल.

प्रसन्न : काय म्हणालात?

मंजुषा : म्हटलं, नव्या माणसाला असंच वाटत असेल.

प्रसन्न : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मंजुषा : तूच कुणाला तरी सांगितलं होतंस. तीन वर्षांपूर्वी. जानेवारीतच.

प्रसन्न : तुम्ही कोण आहात?

मंजुषा : नीट बघ माझ्याकडे. तेव्हा तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी होती. तू ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभा होतास. कोपरापर्यंत वाळू लागलेली. आत मुलगी मराठी बोलत होती आणि बाहेर तूही मराठीत विचारलंस, ताई, ती काय बोलली?

प्रसन्न : तुम्ही त्या डॉक्टर.

मंजुषा : भूल देणारी डॉक्टर. मंजुषा खाडिलकर.

प्रसन्न : तुम्ही म्हणाला होतात, काही नाही बोलली. शुद्धीवर नव्हती, म्हणाला होतात.

मंजुषा : खोटं बोलले होते.

प्रसन्न : मॅडम, मी बसतो जरा. इथे खालीच बसतो.

मंजुषा : बस. मीही बसते.

प्रसन्न : काय बोलली वल्लरी?

मंजुषा : नाव लक्षात आहे तुझ्या.

प्रसन्न : सकाळी उठल्यावर तेच पहिलं आठवतं. काय बोलली, सांगा ना.

मंजुषा : छातीला मार होता. श्वास पुरत नव्हता. नळी घालण्यासाठी मी तिला झोपवणार होते. तोंडावर मास्क धरला तर तिने तो हाताने बाजूला केला. म्हणाली, दादांना सांगितलं होतं मी, हँडल ओढतंय. दादा म्हणाले, नव्या माणसाला असंच वाटतं. परत एकदा तेच म्हणाली. आईला सांगा, मी नाही चुकले, म्हणाली. मग मी औषध दिलं. त्यानंतर ती उठलीच नाही. म्हणजे तिचं शेवटचं बोलणं ऐकणारी मी एकटी.

प्रसन्न : आईला सांगा, म्हणाली.

मंजुषा : हो.

प्रसन्न : आणि तुम्ही नाही सांगितलं.

मंजुषा : नाही सांगितलं. मला आधी वाटलं, दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. बाहेर आले आणि तू मराठीत बोललास, तेव्हा कळलं. तुझ्याभोवती तिच्या ऑफिसातली मुलं उभी होती. एकाने तुझी कॉलर धरलेली. मी म्हटलं असतं, ही असं म्हणाली, तर तिथेच तुला मारलं असतं त्यांनी. म्हणून म्हटलं, शुद्धीत नव्हती. मग हवालदार आला. त्यालाही तेच सांगितलं, त्याने लिहून घेतलं. एकदा लिहिलं गेल्यावर मला ते बदलता येईना. पहिल्यांदा तुझ्यासाठी खोटं बोलले, पुढच्या सगळ्या वेळी स्वतःसाठी.

प्रसन्न : तुम्ही मला वाचवलं.

मंजुषा : तसं समजत होते मी. म्हणून बघायला आले, वाचलास का. आल्यापासून तू माझ्या मागे कुणाला तरी मोजतोयस.

प्रसन्न : सांगू? पाच गाड्या असतात, मी सहा मोजतो. दर वेळी. शेवटची लांब असते, धुळीत. नीट बघितलं की नसते. साथवाले गाइड म्हणतात, चष्मा लाव. डोळे दाखवून आलो, डोळे ठीक आहेत.

मंजुषा : मला ती थिएटरात ऐकू येते. मी पेशंटला म्हणते, आकडे मोजा. ते मोजतात, एक, दोन, तीन. मला मध्येच ऐकू येतं, दादांना सांगितलं होतं. मी दचकून विचारते, काय म्हणालात? पेशंट झोपलेला असतो. नर्स माझ्याकडे बघत असते. मघाशी इथे हँडल खरंच ओढलं का, की मला ते वाक्य एकदा म्हणून बघायचं होतं, मला माहीत नाही.

प्रसन्न : गाडीत काही नव्हतं, मॅडम.

मंजुषा : असेल. मी पोलीस नाही. पण मला खरं हवंय. प्रसन्न, तिच्या गाडीत काही होतं का?

प्रसन्न : होतं. पुढचं चाक हँडलला जोडणारा रॉड सैल होता. आदल्या दिवशीच मी मालकांना सांगितलं होतं, ही गाडी ओढते. ते म्हणाले, संडेची गर्दी जाऊ दे, मंडेला करू. मग मी ठरवलं, संडेला ती गाडी मी स्वतः चालवतो. मला माहीत आहे तिचं, मी सांभाळीन. पण त्यांच्या ग्रुपमध्ये एक माणूस जास्त आला. मालक म्हणाले, तू मेकॅनिकची मोटरसायकल घे, ती गाडी गेस्टला दे.

मंजुषा : आणि तू तिलाच दिलीस. का?

प्रसन्न : बाकी सगळे हिंदीवाले होते, मस्ती करणारे. ती आल्या-आल्या माझा बिल्ला वाचून म्हणाली, दादा, तुम्ही मराठी? किती दिवसांनी मराठी ऐकलं. नाशिकची आहे म्हणाली, इकडे नोकरीला आठ महिने झाले. मला वाटलं, हिला नीट समजावता येईल. ही ऐकेल माझं. म्हणून तिला दिली.

मंजुषा : आणि तिने ऐकलं तुझं.

प्रसन्न : सगळं ऐकलं. पाय खाली नाही, अंगठा हळू, सगळं. टेकडीच्या आधी थांबली आणि म्हणाली, दादा, हँडल ओढतंय. मी खाली उतरून बघायला पाहिजे होतं. मागे पाच लोक हॉर्न वाजवत होते, सूर्य खाली चालला होता, त्यांना वरून फोटो काढायचे होते. मी तसाच बसून म्हटलं, नव्या माणसाला असंच वाटतं. ती हसली. बरं दादा, म्हणाली.

मंजुषा : पुढे?

प्रसन्न : उतारावर अर्ध्यात रॉड निसटला. चाक आडवं झालं. तिने दोन्ही ब्रेक धरले होते, मॅडम. मी बघितलंय. बोटं ब्रेकवर होती. गाडी तिच्यावरून गेली तरी बोटं ब्रेकवरच होती.

मंजुषा : आणि कागदावर लिहिलंय, नवशिकी चालक, घाबरून ब्रेकऐवजी रेस दाबली.

प्रसन्न : मालकांनी सांगितलं तसं लिहिलं. मी सही केली. रात्रीतून रॉड बदलला होता त्यांनी, पोलिसांनी गाडी बघितली तेव्हा सगळं बरोबर होतं.

मंजुषा : ती गाडी कुठे आहे आता?

प्रसन्न : ही काय. माझी.

मंजुषा : ही? सकाळपासून तू चालवतोयस ती?

प्रसन्न : रंग बदलला, नंबर बदलला. मालक विकणार होते. मी म्हटलं, मी चालवतो. तीन वर्षं दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. सुट्टीच्या दिवशीपण चावी घरी नेतो.

मंजुषा : मला ती टेकडी दाखव.

प्रसन्न : नको, मॅडम.

मंजुषा : किती लांब आहे?

प्रसन्न : त्या बाभळींच्या मागे. पण मी तिकडे नाही जात. ग्रुप असला तरी मी लांबून नेतो.

मंजुषा : आज जाऊ. आणि उतार मी उतरणार आहे. या गाडीवरून.

प्रसन्न : बिलकुल नाही. तुम्ही पहिल्यांदा बसलाय. मी नाही देणार. तुम्ही माझी तक्रार करा, काही करा.

मंजुषा : ऐक. तिची आई मला दर वर्षी फोन करते. त्याच तारखेला, म्हणजे परवा. नाशिकहून. पहिल्या वर्षी विचारलं, डॉक्टर, ती काही बोलली का? मी नाही म्हटलं. मग त्या स्वतःच बोलत राहिल्या. म्हणाल्या, तिला लहानपणी डावं-उजवं पटकन कळायचं नाही, मी लक्ष दिलं नाही, म्हणून ब्रेक कुठला आणि रेस कुठली हे तिला कळलं नसेल. दुसऱ्या वर्षी परत तेच विचारलं, मग म्हणाल्या, आमच्या मुलीच्या चुकीमुळे त्या गाइडची नोकरी तर नाही ना गेली? विचाराल का कुठे?

प्रसन्न : असं म्हणाल्या?

मंजुषा : त्या कागदावर त्यांचा विश्वास आहे. उतारच असा होता की नव्या माणसाला जमलाच नसता, असं वाटतं त्यांना. मला बघायचंय, नव्या माणसाला जमतो का. मी चोपन्न वर्षांची आहे आणि सायकलीपुढे काही चालवलेलं नाही. माझ्यापेक्षा नवं माणूस तुला कुठे मिळणार?

प्रसन्न : आणि तुम्हाला काही झालं तर?

मंजुषा : रॉड टाइट आहे ना?

प्रसन्न : आहे.

मंजुषा : सकाळी स्वतः बघितलास?

प्रसन्न : रोज बघतो. दोनदा.

मंजुषा : मग मला काय सांगायचं ते सांग. सगळं सांग. आणि मी काही बोलले तर थांबव.

प्रसन्न : वजन मागे घ्यायचं. सीटच्या मागच्या कडेवर बसा. अंगठा पट्टीवरून काढून टाका, उतारावर अंगठ्याचं काही काम नाही. दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, एकदम नाही. मी बाजूने चालत येतो. हँडलला हात लावत नाही, फक्त बाजूला असतो. तुम्ही थांबा म्हटलं की मी गाडी धरतो.

मंजुषा : हँडल ओढतंय म्हटलं तर?

प्रसन्न : तरी धरतो. आता नाही विचारणार, खरंच ओढतंय का.

मंजुषा : केवढा उतार आहे हा?

प्रसन्न : तीस-पस्तीस पावलं. वरून जास्त वाटतो. खाली ती दगडांची रांग दिसते ना, ती नंतर घातली. तेव्हा नव्हती. चला. हळू. मागे बसा, अजून मागे. हां.

मंजुषा : बोलत राहा.

प्रसन्न : ब्रेक थोडा सोडा. थोडा. आता परत. बरोबर. सरळ बघा, चाकाकडे नका बघू. इथे खड्डा आहे, गाडी डुलेल. इथेच झालं होतं, मॅडम. या खड्ड्याच्या पुढे.

मंजुषा : बोलत राहा, प्रसन्न.

प्रसन्न : ब्रेक थोडा. सोडा. बरोबर. आणखी दहा पावलं. पाच. आता सपाट आहे. थांबा. चावी बंद.

(दोघं उताराच्या पायथ्याशी. इंजिन बंद.)

मंजुषा : उतरले मी.

प्रसन्न : हो.

मंजुषा : तिलाही उतरता आलं असतं.

प्रसन्न : माझ्यापेक्षा छान उतरली असती.

मंजुषा : आता मी त्यांना फोन लावणार आहे. परवाची वाट बघत नाही. मी काय केलं ते मी सांगेन. तुझं नाव घ्यायचं की नाही, ते तू सांग.

प्रसन्न : मालक मला ठेवणार नाहीत. ठीक आहे, ते नको ठेवू देत. पण वडिलांना काय सांगू? त्यांना वाटतं, त्या मुलीने गडबड केली आणि त्यांच्या मुलाचं नाव उगाच खराब झालं. सगळ्या गलाईवाल्यांना तसंच सांगत फिरलेत ते.

मंजुषा : आज मला जे सांगितलंस तेच सांग.

प्रसन्न : जेलमध्ये जावं लागेल का?

मंजुषा : कदाचित. चौकशी परत उघडेल. तुझ्याबरोबर मालकाचीही होईल, आणि माझीही.

प्रसन्न : तुम्ही तर निघून चालला होतात.

मंजुषा : हो. तिकीट काढलंय. मिरजेला जाऊन तिथे रोज ऐकायचं तेच.

प्रसन्न : लावा फोन. स्पीकरवर ठेवा.

सुधा : हॅलो, डॉक्टर? आज कसा काय फोन केलात? मीच करणार होते परवा. बऱ्या आहात ना?

मंजुषा : बरी आहे, सुधाताई. तुम्ही एकट्या आहात का? बसून बोलता येईल?

सुधा : बसलेच आहे. मेथी निवडतेय. हे फिरायला गेलेत. बोला ना.

मंजुषा : तुम्ही मला विचारलं होतं, वल्लरी काही बोलली का. मी नाही म्हटलं होतं. ते खोटं होतं. ती शुद्धीवर होती. बोलली.

सुधा : काय बोलली?

मंजुषा : म्हणाली, आईला सांगा, मी नाही चुकले. गाडीचं हँडल ओढत होतं. तिने उतारावर जायच्या आधी तसं सांगितलंही होतं. तिचं ऐकलं गेलं नाही. गाडी खराब होती. तिने ब्रेकच धरला होता, सुधाताई. शेवटपर्यंत.

सुधा : डॉक्टर, मी तुम्हाला दवाखान्यात विचारलं. मग फोनवर दोनदा विचारलं.

मंजुषा : हो.

सुधा : तीनदा तुम्ही मला नाही म्हणालात.

मंजुषा : हो. तीनदा.

सुधा : तीन वर्षं मी घरात काय ऐकतेय, तुम्हाला माहीत आहे? हे म्हणतात, तुझ्यासारखीच घाबरट होती, तू तिला घाबरट केलंस. मी मान खाली घालून ऐकून घेते. मला वाटायचं, खरंच असेल.

मंजुषा : मी लिहून देणार आहे. पोलिसांकडे, हॉस्पिटलात, जिथे म्हणाल तिथे.

सुधा : तिने कुणाला सांगितलं होतं? हँडल ओढतंय म्हणून?

प्रसन्न : मला.

सुधा : कोण बोलतंय?

प्रसन्न : मी गाइड होतो त्या दिवशी. प्रसन्न साळुंखे. तिने मला सांगितलं आणि मी गाडीवरून उतरलो नाही. गाडी खराब आहे हे मला आधीपासून माहीत होतं. नंतर मी खोट्या कागदावर सही केली. तिची काहीच गलती नव्हती, काकू. माझी होती. मला मराठी नीट येत नाही, काही चुकीचं बोललो असलो तर...

सुधा : येते. सगळं कळलं मला.

मंजुषा : सुधाताई, हवं तर आत्ता फोन ठेवा. मी संध्याकाळी परत करते.

सुधा : नको. फोन ठेवला की मला वाटेल, हे मी मनानेच ऐकलं. थांबा जरा. गॅस बंद करून येते.

प्रसन्न : त्या शिव्या का देत नाहीत, मॅडम?

मंजुषा : गप्प बस.

सुधा : आले. मुला, तू हे पोलिसांपुढे सांगशील?

प्रसन्न : सांगेन. आजच जातो.

सुधा : आज नको. मी येते. मला तिथे बसून ऐकायचंय. यांनाही आणते, त्यांनाही ऐकू दे. उद्याच्या गाडीचं बघते. परवा सकाळी पोचू.

मंजुषा : मी स्टेशनवर येते तुम्हाला घ्यायला.

सुधा : तुम्ही नको, डॉक्टर. तुमच्याशी बोलायला मला थोडे दिवस लागतील. त्याला पाठवा.

प्रसन्न : मी येतो, काकू.

सुधा : तुला ओळखू कशी मी?

प्रसन्न : मी ओळखतो तुम्हाला. तुम्ही लोक सकाळच्या विमानाने आला होतात. बॉडी मिळेपर्यंत तुम्ही बाकावर बसला होता, मी त्याच बाकावर होतो. रात्रीपासून. तुम्ही मला तुमची पाण्याची बाटली दिली. विचारलं, तुझं कोण आहे रे आत? मी काही बोललो नाही.

सुधा : हातांना माती लागलेली होती. तो तू.

प्रसन्न : हो.

सुधा : इतका रडत होतास. मला वाटलं, तुझी आई असेल आत.